दोन आणे, दोन रुपये आणि पाच रुपये चाळीस पैसे

तीन हजारांचं पेट्रोल टाकलं तर खिशातून किती जातात? माझ्या कार्डाच्या हिशेबाप्रमाणे तीन हजार पस्तीस रुपये चाळीस पैसे. कोडं वगैरे घालत नाहीये, खरंच गेले.

झालं असं की १५ नोव्हेंबर २०२५ ला, शनिवारी, पुण्याहून साताऱ्याला घरी गेलो, आईला गाडीत घेतलं आणि मामांकडे तासगावला निघालो. गाडी जुनी, सेकंडहँड, पेट्रोल. काटा लाल रेघेवर टेकलेला. कराडच्या अलीकडे एका पंपावर थांबलो, तीन हजारांचं टाकायला सांगितलं आणि रुबाबात मोबाईल काढून कोड स्कॅन केला. चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंयच. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. पंपावरचा पोरगा म्हणाला, "रेंज न्हाई सायेब. कार्ड हाय का? जादा लागंल पण." पुण्यात आयटीत असलेल्या माणसाला असं विचारल्यावर तो काय म्हणणार? "लागू दे की." आई शेजारून बघत होती, तिने पर्समधून पाचशेच्या नोटा काढायला सुरुवातही केली होती. मी हातानेच थांबवलं. (ऐकायला हवं होतं. आयांचं नेहमीच ऐकायला हवं असतं.)

पुढच्या बुधवारी ऑफिसात जेवताना बँकेचं अ‍ॅप उघडलं. पेट्रोल ३,०००. त्याखाली इंधन अधिभार ३०. त्याखाली त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी, ५ रुपये ४० पैसे. काही दिवसांनी ते तीस रुपये "माफी" म्हणून परत आले. पाच रुपये चाळीस पैसे आले नाहीत. नियमच तसा आहे म्हणे. अधिभार माफ होतो, त्यावरचा कर होत नाही.

आता गंमत बघा. १ जुलै २०१७ ला देशात जीएसटी आला तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्यातून बाहेर ठेवले गेले. जीएसटी कौन्सिल शिफारस करेल त्या तारखेपासून आत घ्यायचे असं घटनेतच लिहून ठेवलंय, पण ती तारीख काही उजाडलेली नाही. म्हणजे पेट्रोलला जीएसटी लागत नाही, मात्र माझ्या पेट्रोलच्या व्यवहारात जीएसटी कार्डाच्या मागच्या दाराने आत आला आणि खुर्ची ओढून बसला. पाच रुपयांसाठी काय डोकं लावायचं, असं कोणी म्हणेल. पण आमचा धंदाच असा आहे की रकमेत एक पैशाचा फरक आला तरी रात्र-रात्र लॉग चाळत बसावं लागतं. रक्कम किती हा प्रश्न नसतो, ती आली कुठून हा असतो.

आणि दुसरं कारण म्हणजे मामांची वही.

मामांकडे पिकअप आहे. तासगावच्या आसपासच्या शेडवरून बेदाण्याचे बॉक्स सांगलीच्या मार्केट यार्डात आणि कोल्ड स्टोअरेजला पोचवायचे, परत येताना मिळेल तो माल. २००२ साली त्यांनी पहिला टेम्पो घेतला तेव्हापासून एक वही आहे, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात असते तशी. तारीख, लिटर, दर, किलोमीटर. पहिल्या पानावर डिझेल विशीतलं आहे. शेवटच्या पानावर नव्वदीतलं. मी पाच वर्षांचा होतो तेव्हा डिझेल विशीत होतं. मी विशीच्या शेवटाला आलो आणि डिझेलने नव्वदी गाठली, ही वयं काही जमत नाहीत! त्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मामांनी ती वही माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, "तू एवढा कंप्युटरवाला. ह्यातनं सांग, गाडी ठेवू का इकू?"

बुधवारी ते पाच रुपये चाळीस पैसे दिसले आणि माझ्या डोक्यात ती वही आणि ते स्टेटमेंट एकमेकांना चिकटले. त्यानंतरचे दोन शनिवार-रविवार त्यातच गेले.

पेट्रोलवर कर ही गोष्ट इंग्रजांनी १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या खर्चाच्या ओढाताणीत आणली. पण आपल्या कामाची गोष्ट त्यानंतर दहा वर्षांनी सुरू होते, आणि तिचा नायक मराठी माणूस आहे. पुणे विद्यापीठात गेलेल्या प्रत्येकाने त्यांचं नाव वाचलेलं असतं. जयकर ग्रंथालय आठवतंय? तेच ते जयकर. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मी मित्राची वाट बघत त्या ग्रंथालयाबाहेर कितीतरी संध्याकाळी काढल्या असतील, पण याच माणसाचा माझ्या गाडीच्या टाकीशी संबंध असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

१९२७ साली सरकारने देशातल्या रस्त्यांचं काय करायचं हे ठरवायला एक समिती नेमली. अध्यक्ष जयकर. त्या काळी मोटारी वाढायला लागल्या होत्या आणि रस्ते मात्र बैलगाडीचे. रस्ते बांधायचे लोकल बोर्डाने, आणि लोकल बोर्डाच्या तिजोरीत खडखडाट. आपल्या भागाचं चित्र तर आणखी गुंतागुंतीचं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. एक मोठा सातारा जिल्हा आणि त्यात ठिगळासारखी संस्थानं. सांगली, मिरज, औंध, जत, फलटण. साताऱ्याहून मिरजेला मोटारीने जाणारा माणूस वाटेत किती सरकारांच्या हद्दी ओलांडत असेल! (दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ चा, आणि त्याचं नाव सांगली झालं ते १९६० साली.) एवढ्या तुकड्यांत वाटलेला रस्ता कोण नीट ठेवणार?

जयकर समितीने १९२८ च्या अहवालात सांगितलं की रस्ते हा एकट्या लोकल बोर्डाचा विषय राहिलेला नाही, तो देशाचा आहे. आणि पैसे कुठून आणायचे? जो रस्ता वापरतो त्याच्याकडून. पण प्रत्येक मोटारीमागे कारकून कसा पळवणार? तर पेट्रोलवर थोडा जास्त कर लावा. जो जास्त फिरेल त्याचं पेट्रोल जास्त जळेल, तो जास्त भरेल. इंजिनीअर म्हणून सांगतो, हे डिझाइन देखणं आहे. मीटर आधीच गाडीत बसवलेलं आहे, फक्त ते वाचायचं.

मार्च १९२९ पासून पेट्रोलवरचा कर गॅलनला चार आण्यांचा सहा आणे झाला. वरचे दोन आणे फक्त रस्त्यांसाठी. त्यांचा वेगळा फंड, आणि त्यातून प्रांतांना व संस्थानांना वाटणी व्हायची ती पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात. दोन आणे म्हणजे साडेबारा पैसे, गॅलन म्हणजे साडेचार लिटरच्या थोडं वर. लिटरमागे पावणेतीन पैसे पडतात. या दोन आण्यांच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. एक, त्यांना पत्ता होता. कुठून निघाले आणि कुठे जाणार हे लिहिलेलं होतं. दोन, ते आणे होते, टक्के नव्हते. पेट्रोल महाग होवो की स्वस्त, दोन आणे म्हणजे दोनच आणे.

पुढची चाळीसेक वर्षं भराभर ओलांडू. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि भावापेक्षा कूपनाची चिंता मोठी झाली. बसला मागे कोळशाच्या गॅसची भट्टी जोडून त्या चालवल्या जायच्या, घाटात दम लागला की उतरलेल्या प्रवाशांनी ढकलायच्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा नळ आवळला आणि काही महिन्यांत कच्चं तेल तिनेक डॉलरवरून बाराच्या आसपास गेलं. आपल्याकडे पेट्रोल महागलं म्हणून त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. त्यानंतर कंपन्या सरकारी झाल्या. एसो गेली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम आली, १९७६ ला बर्मा शेल सरकारकडे आली आणि पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली. भाव दिल्लीत ठरायला लागला. कधीतरी रात्री बातम्यांत सांगायचे, आज मध्यरात्रीपासून वाढ, की गावात पंपावर रांग. आमच्या वडिलांकडे त्या रांगांचे पुष्कळ किस्से आहेत, त्यातले निम्मे तरी खरे असावेत.

त्या मधल्या काळात जयकरांच्या दोन आण्यांचं काय झालं? फंड राहिला, पण पेट्रोलवरचा कर सरकारच्या सगळ्याच खर्चाला पुरवायची सवय लागली आणि रस्त्याचा वाटा त्यात बारीक होत गेला. मग १९९८ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हांनी पेट्रोलवर लिटरला एक रुपया रस्त्यांसाठी लावला, पुढच्या वर्षी डिझेलवरही एक रुपया, आणि २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदाच झाला. आपला पुणे-सातारा-कराड-कोल्हापूर हायवे, जुना एनएच-४, ज्या सुवर्ण चतुष्कोनात रुंद झाला त्यामागे हाच रुपया होता. त्या रुपयाबद्दल माझी तक्रार नाही. खंबाटकीच्या जुन्या वाटेने लहानपणी उलट्या करत गेलेला माणूस आहे मी.

पण हायवे झाला आणि त्यावर टोलनाकेही आले. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे. म्हणजे रस्त्यासाठी पेट्रोलमध्ये एकदा आणि त्याच रस्त्यावर दांडीपाशी पुन्हा एकदा. जयकरांनी ज्या कारकुनाला टाळण्यासाठी एवढं डोकं लढवलं तो कारकून पेटीसकट रस्त्यात बसला. आणि आता तिथेही पैसे कशाने देता यावर दर ठरतो. आम्ही तासगावला निघालो त्याच दिवसापासून, १५ नोव्हेंबरपासून, नवा नियम लागू झाला. फास्टॅग चालत नसेल तर यूपीआयने सव्वापट आणि रोखीने दुप्पट. म्हणजे कराडच्या अलीकडे पंपावर कार्डवाला गुन्हेगार, आणि त्याच रस्त्यावर तासवड्याला रोखवाला गुन्हेगार. ड्रायव्हरने सरळ राहायचं तरी कसं?

परत मामांच्या वहीकडे येतो. १ एप्रिल २००२ पासून भाव ठरवण्याची जुनी सरकारी पद्धत कागदोपत्री संपली. प्रत्यक्षात सरकारचा हात होताच, त्यामुळे २००२ ते २०१० ही पानं शांत आहेत. एकच दर महिनोनमहिने, मग एकदम उडी. जून २०१० मध्ये पेट्रोल मोकळं झालं, डिझेल नाही. आणि मग जानेवारी २०१३. इथून वहीत एक विचित्र जिना दिसतो. दर महिन्याला चाळीस-पन्नास पैसे वर, पुढच्या महिन्याला परत तेवढेच. सरकारने ठरवलं होतं की डिझेलचा तोटा असा थोडा-थोडा करून भरून काढायचा. त्याच वेळी घाऊक गिऱ्हाइकांना पूर्ण दर लागू केला, आणि एसटी तर घाऊक गिऱ्हाईक. त्यामुळे घाऊकपेक्षा किरकोळ स्वस्त झालं आणि एसटीच्या लाल गाड्या साध्या पंपावर डिझेलला येऊ लागल्या. मामांनी त्या पानाच्या कोपऱ्यात लिहिलंय, "यष्टी पुढं, पाऊण तास". इतिहासाच्या पुस्तकात एवढ्या कमी शब्दांत कोणी लिहीत नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं. १६ जून २०१७ पासून देशभर रोज नवा दर सुरू झाला. त्या तारखेनंतर मामांच्या वहीतला दराचा रकाना रिकामा आहे. "रोज काय लिवायचं? पैशे तेवढं लिवतो." पंधरा वर्षं सांभाळलेला रकाना त्यांनी सोडून दिला. मला वाटतं रोजच्या दराने सगळ्यात मोठी गोष्ट ही केली. पाच रुपये एकदम वाढले की माणूस चिडतो, चौकात बोलतो, कोणीतरी बैलगाडी काढतो. रोज वीस-तीस पैसे वाढले तर कोण काय करणार?

आता दोन रुपयांची गोष्ट. २०१५ ला महाराष्ट्रात पाऊस दगा देऊन गेला. साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले जत, आटपाडी, कवठेमहांकाळ म्हणजे दुष्काळाचं माहेरच. १ ऑक्टोबर २०१५ पासून राज्य सरकारने दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल आणि डिझेलवर लिटरला दोन रुपये लावले. त्याबद्दल कोणी फार कुरकुरलं असं आठवत नाही, आणि कुरकुरायचं कारणही नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणलेल्या त्या टाक्यांचे फोटो आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरत होते. कुणी पाणी नेत असेल तर मी दोन रुपये काय, चार देईन असं तेव्हा वाटलं होतं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. दोन रुपये मात्र राहिले. मग एप्रिल २०१७ आला. हायवेपासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री सुप्रीम कोर्टाने बंद केली, राज्याचं उत्पन्न बुडालं, आणि ते भरून काढायला पेट्रोलवरचा अधिभार सहा रुपयांचा नऊ रुपये केला गेला. म्हणजे दारू न पिता गाडी चालवणाऱ्याने, न विकल्या गेलेल्या दारूचा कर भरायचा. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन रुपये कमी, जून २०२० मध्ये दोन रुपये वाढून १० रुपये १२ पैसे, जुलै २०२२ मध्ये पाच रुपये कमी होऊन ५ रुपये १२ पैसे. डिझेलवरचा तर तेव्हा पूर्णच गेला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण या पाच रुपये बारा पैशांत दुष्काळाचे किती, दारूचे किती, कोविडचे किती, हे कोणी सांगू शकेल? पत्ता पुसला गेला.

दिल्लीतही तेच. रस्त्याचा एक रुपया वाढत-वाढत मे २०२० मध्ये पेट्रोलवर अठरा रुपये झाला होता (कच्चं तेल तेव्हा मातीमोल झालं होतं आणि आपण घरात बसलो होतो, म्हणून फारसं जाणवलं नाही). आणि २०१८ मध्येच त्या फंडाच्या नावात "रस्ते"च्या पुढे "आणि पायाभूत सुविधा" एवढे शब्द वाढले, त्यात पाणी, वीज, दवाखाने सगळं बसतं. वाईट कामं नाहीत ती. पण मग त्याला रस्त्याचा पैसा कशाला म्हणायचं? शिवाय सेस म्हटलं की त्यात राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. जयकरांच्या फंडातून मात्र प्रांतांना खपाप्रमाणे वाटा मिळायचा.

एक बाजूची गोष्ट, पण ती आपल्या मिरजेची आहे म्हणून सांगतोच. पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळून बघायचा पहिला प्रयोग २००१ साली देशात तीन ठिकाणी झाला. मनमाड, उत्तर प्रदेशातलं बरेली आणि मिरज. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ते ओघाने आलंच. २००३ पासून पाच टक्के मिसळायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर आपण पोचलो. जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज त्याने सहा-सात टक्के पडू शकतं असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. माझी गाडी त्याच जातीतली. दर मात्र सहा टक्के कमी झालेला नाही. पण यावर मी घरी तोंड उघडत नाही, कारण धाकट्या मामांचा ऊस कारखान्याला जातो.

आता कार्ड. आमचे सीनियर सांगतात, २००० नंतरच्या दशकात क्रेडिट कार्डाने पेट्रोल टाकलं की अडीच टक्के किंवा दहा रुपये, जे जास्त असेल ते लागायचं. मला आधी वाटायचं ही निव्वळ पंपवाल्याची लूट. तसं नाहीये. दुकानदार एरवी कार्डाचा खर्च आपल्या नफ्यातून देतो, शर्ट हजाराचा असेल तर त्यात दोनशे-तीनशे नफा असतो. पंपवाल्याचं तसं नाही. त्याचं कमिशन तेल कंपनी ठरवते आणि ते बहुतांश लिटरमागे ठरलेले रुपये असतात. बँक मात्र टक्क्यात घेते, आणि ते टक्के पूर्ण रकमेवर. त्या रकमेत केंद्राचा कर आला, राज्याचा व्हॅट आला, दुष्काळ आला, दारू आली. सरकारला पोचवायच्या पैशावरही बँकेचा टक्का!

हे भांडण एकदा उघड्यावर आलं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. डिसेंबरात सरकारने जाहीर केलं की सरकारी कंपन्यांच्या पंपावर डिजिटल पैसे दिले तर पाऊण टक्का सूट. लोक कार्ड काढायला लागले. आणि ८ जानेवारी २०१७ ला, रविवारी, पंपवाल्यांच्या संघटनांनी सांगितलं की उद्यापासून कार्ड घेणार नाही. कारण बँकांनी कळवलं होतं की आता व्यवहारामागे एक टक्क्यापर्यंत रक्कम पंपवाल्याकडून कापणार. पेट्रोल तेव्हा आपल्याकडे पंचाहत्तरीच्या आसपास होतं. एक टक्का म्हणजे पंचाहत्तर पैसे. कमिशन होतं साधारण अडीच रुपये. अडीच रुपयांत पगार, वीज, उडून जाणारं पेट्रोल, आणि त्यातले पाऊण रुपये बँकेला? त्याच रात्री धावपळ झाली, निर्णय १३ जानेवारीपर्यंत पुढे गेला, मग पेट्रोलियम मंत्र्यांनी सांगितलं की भार गिऱ्हाइकावरही नाही आणि पंपवाल्यावरही नाही. क्रेडिट कार्डावरची ती पाऊण टक्का सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरचं शुल्क शून्य झालं आणि बहुतेकांनी हा विषय डोक्यातून काढून टाकला. मीही. रेंज होती तोवर.

हे सगळं मांडून बसलो तेव्हा मला दोन प्रकारची माणसं दिसायला लागली. काही रुपयात कमावतात, काही टक्क्यात घेतात. जयकर रुपयातले, नव्हे आण्यातले. पंपवाला रुपयातला. राज्याचा व्हॅट टक्क्यातला, सातारा-सांगलीकडे पेट्रोलवर पंचवीस टक्के. बँक टक्क्यातली. टक्का ही भारी चीज आहे. व्हॅट लागायच्या आधीची किंमत चाळीसची ऐंशी झाली की पंचवीस टक्के दहाचे आपोआप वीस होतात. ना विधानसभेत भाषण, ना मध्यरात्रीची बातमी. आमच्या भाषेत, आणे म्हणजे कोडमध्ये थेट लिहिलेला आकडा, बदलायचा तर कोणीतरी फाइल उघडून बदलावा लागतो आणि त्याचं नाव नोंदलं जातं. टक्का म्हणजे व्हेरिएबल. तो कोणीच बदलत नाही, तरी बदलतो. माझे पाच रुपये चाळीस पैसे म्हणजे टक्क्यावरचा टक्का, आणि त्या टक्क्याखाली व्हॅटचा टक्का, तोही केंद्राच्या करावर आणि पंपवाल्याच्या कमिशनवर धरलेला.

आणि मामा? मामा रुपयातले. तासगाव ते सांगली खेपेचं भाडं ठरलेलं, व्यापारी ते दोन-तीन वर्षांनी एकदा, तेही गळ घातल्यावर, वाढवतात. म्हणजे गेली तेवीस वर्षं ते त्या पंपवाल्याच्याच बाजूला उभे आहेत, फक्त त्यांची संघटना नाही आणि रविवारी रात्री त्यांच्यासाठी कोणी धावपळ करत नाही. मी वहीतले आकडे एक्सेलमध्ये घातले. २००२-०३ मध्ये शंभर रुपये भाड्यातले चाळीसच्या आत डिझेलला जायचे. आता साठच्या वर जातात. राहिलेल्या चाळिसात टायर, इन्शुरन्स, कर्जाचा हप्ता, हमाल, आणि मग घर. मिरजेपलीकडचे गाडीवाले कर्नाटकात दर कमी असला की म्हैसाळवरून कागवाडला जाऊन टाकी भरून येतात. तासगावहून तेवढ्यासाठी जाण्यात वाचलेलं डिझेल तिकडेच जळतं, तेही गणित मामांनी आधीच वहीत करून ठेवलेलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांना फोन केला. जयकरांचं सांगितलं, दोन आण्यांचं सांगितलं. त्यांना तो माणूस आवडला. "गॅलनला दोन आणे, आन् रस्त्यालाच घालायचे? बरा हुता की." मग मी माझे पाच रुपये चाळीस पैसे सांगितले. ते हसतच सुटले. मागे मामीला ओरडून सांगितल्याचं ऐकू आलं, "आगं, ह्याला पन कापलं!" मी जरा खट्टू होऊन गाडीचं विचारलं. एक्सेल काय म्हणतंय ते मला माहीत होतं, आणि त्यांनाही ते बहुधा एक्सेलशिवायच माहीत होतं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्या बेदाण्याचा सीझन काडतो. त्येच्या फुडं बगू." आणि ठेवताना आठवण केली की पुढच्या वेळी येताना साताऱ्यातच रोख काढून घे, कराडच्या अलीकडे रेंज नसते.